तिरकी कोरणी

पेटीचं एक कडं माझ्या हातात होतं आणि दुसरं एका अनोळखी मुलाच्या. पेणमधल्या हिरामणशेठच्या भंगाराच्या दुकानात, फुटके कुकर आणि सायकलींचे सांगाडे यांच्या मधोमध आम्ही उभे होतो, आणि सोडायला कुणीच तयार नव्हतं.

“ही आमची पेटी आहे,” मी म्हणाले.

“होती,” तो म्हणाला. “आता माझी आहे. शेठना विचारा.”

हिरामणशेठनं चहाचा कप तोंडाला लावला आणि रस्त्याकडे बघितलं. असल्या भानगडीत तो कधी पडत नाही.

मी मुलाकडे नीट पाहिलं. सावळा, उंच, शर्टाच्या खिशात लोखंडी पट्टी. माणसं खिशात पेन ठेवतात, यानं पट्टी ठेवली होती! एरवी मला हसू आलं असतं. पण त्या दिवशी मला रडूच यायच्या बेतात होतं, म्हणून मी आवाज चढवला.

“यात काय आहे ते तरी माहितीय का तुम्हाला?”

“पटाश्या, दोन रंधे, गिरमिट, कानशी. आणि एका फडक्यात बारीक हत्यारं गुंडाळलेली आहेत, ती कशाची ते कळलं नाही.” तो जरा थांबला. “तुम्ही सांगाल?”

“कोरण्या आहेत. गणपतीच्या. माझे बाबा मूर्तिकार आहेत... जोह्याला.”

त्यानं कडं सोडलं. इतकं अचानक सोडलं, की मी पेटीसकट मागे एका कुकरवर बसले.

त्याचं नाव नितेश. रोह्याचा. तिकडच्या एका कंपनीत फिटर होता आणि शिफ्ट सुटली की गावोगावच्या भंगारात जुनी हत्यारं हुडकत फिरायचा. मला उठायला हात देत तो म्हणाला, “पेटी घेऊन जा. मला काही नको. फक्त एक मागू?”

“काय?”

“साफ मी करतो. असा गंज चढलेला बघवत नाही मला.”

“हत्यारं घराबाहेर जाणार नाहीत,” मी म्हणाले.

“मग मी घरात येतो,” तो म्हणाला. आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन कानापर्यंत लाल झाला.

पेटी भंगारात गेली कशी, हे सांगायला हवं. गेल्या शिमग्यात बाबांना झटका आला. बोलणं परत आलं, चालणं परत आलं, पण उजवा हात काही परत आला नाही. आमच्या कारखान्यात दरवर्षी एक तरी नवी मूर्ती बाबा स्वतः शाडूत घडवायचे आणि तिच्यावरून साचा निघायचा. यंदा जुन्या साच्यांवरच मी आणि कामगारांनी सीझन काढला. आखणी माझ्याकडे असते, म्हणजे डोळे रंगवणं. घडवणं मला येत नाही. गणपती गेले, कारखाना रिकामा झाला, आणि एक दिवस मी पेणहून रंगाचे डबे घेऊन घरी आले तर माळ्यावरची पेटी नाही.

“आत्या, पेटी कुठं दिलीस?” मी ठमाआत्याच्या अंगावरच गेले. आई गेल्यापासून घर तीच बघते.

“माज्यावर कशाला वरडतंस गो? मी नाय दिली. तुज्या बापानी दिली. हिरामणचा टेम्पो आलता, त्यात सोता चढवायला लावली.”

बाबा ओटीवर खुर्ची टाकून बसले होते. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी शेताकडे बघितलं. तेव्हा मला भीती वाटली. हत्यारं देऊन टाकलेला मूर्तिकार पुढच्या वर्षी कशाच्या आशेवर उठेल? तशीच बस पकडून मी पेणला गेले होते.

तर, नितेश रविवारी आला. सोबत रॉकेलचा कॅन, तारेचे ब्रश, पॉलिश पेपर आणि आत्यासाठी रोह्याहून पोह्यांची पिशवी.

“पोहे कशाला?” मी विचारलं.

“रिकाम्या हातानं यायचं नाही, आईनं सांगितलंय.”

“आईला काय सांगितलंत, कुठं चाललात?”

“हत्यारं साफ करायला.”

“मग?”

“ती म्हणाली, असल्या थापा मी तुझ्या बापाच्या पण ऐकल्यात.”

मी तोंड फिरवून हसले. पहिल्याच दिवशी त्याच्यासमोर हसायचं नाही, असं ठरवलं होतं.

कारखान्याच्या पडवीत आम्ही गोणपाट अंथरलं आणि पेटी उलटी केली. केवढं काय काय निघालं त्यातून! माझा आजा सुतार. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधाला लाकडी दारं असतात, उघाडी म्हणतात त्यांना. ती दारं करण्यात आज्याची हयात गेली. त्याच्या जाडजूड पटाश्या, हात पोचणार नाही एवढं लांब गिरमिट, खाऱ्या हवेनं तांबडे झालेले रंधे. आणि फडक्यात बाबांच्या कोरण्या.

आम्ही ढीग लावले. एक आज्याचा, एक बाबांचा, आणि एक ज्यांची ओळख पटत नव्हती त्यांचा. तिसऱ्या ढिगात एक लोखंडी वाकडी आकडी होती. नितेश ती उलटसुलट करत बराच वेळ बसला.

“ही गिरमिटाच्या आधाराला असणार,” तो गंभीरपणे म्हणाला. “इथून दोरी जात असेल, इथं लाकूड अडकत असेल...”

आत्या चहा घेऊन आली आणि कप खाली ठेवायच्या आत तिनं आकडी ओढून घेतली. “मेली हितं व्हय? कापणीला कमरेला कोयता लावायची आकडी हाय माजी. सगळं घर पालथं घातलं मी.”

नितेशनं चहाचा कप उचलला. मी म्हणाले, “दोरी कुठून जाते म्हणालात?”

“तुम्ही हसून घ्या,” तो म्हणाला. “चांगल्या दिसता.”

हातातला ब्रश त्याच पटाशीवरून मी उगाच चार वेळा फिरवला.

रविवार येत राहिले. कधी त्याची रात्रपाळी असायची, तरी डोळे चोळत सकाळच्या गाडीनं यायचा. परतीचा पाऊस मधूनच येऊन पत्रा वाजवून जायचा, भातं पोटरीला आलेली, आणि पडवीभर रॉकेलचा वास. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते मला आठवत नाही. एवढं आठवतं, की माझ्या गालाला गंज लागला होता आणि तो सांगायचं सोडून नुसता बघत होता.

“काय बघतोस?”

“गंज.”

“मग पूस ना.”

त्यानं स्वच्छ फडकं शोधलं. नव्हतंच कुठं. शेवटी त्यानं स्वतःचा रुमाल काढला, घडी केलेला, आणि इतक्या हळू हातानं पुसला की... जाऊ दे. आत्या दारातून खाकरली.

मला त्याची हत्यारं हाताळायची रीत आवडायची. लाकडी मुठी तो कधी घासायचा नाही. आज्याच्या अंगठ्यानं पटाशीच्या मुठीवर खळगा पडला होता, त्यात तो आपला अंगठा ठेवून बघायचा आणि मग नुसतं तेलाचं बोट फिरवायचा. “मूठ ज्याची त्याची,” तो म्हणायचा. “तिला आपण हात लावायचा नाय. पण धार मात्र सरळ पायजे. आम्हा फिटरांना सर पहिल्या दिवशी हेच शिकवतात.” ही गोष्ट मी तेव्हा कानाआड केली.

बाबा पहिल्या रविवारी खुर्ची फिरवून, आमच्याकडे पाठ करून बसले. नितेशनं त्यांना नमस्कार केला, त्यांनी मान हलवली, संपलं. मी रात्री आत्याजवळ रडले. पण पुढच्या खेपेला खुर्ची थोडी कलती झाली. आणि मग एकदा नितेश कोरणीच्या मुठीला तेल लावत होता तेव्हा ओटीवरून आवाज आला, “जास्ती तेल लावू नको रे. हातात सरकतंय.”

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाबा परत शेताकडे बघत होते. पण हत्यारांबद्दल बोललेला शिमग्यानंतरचा त्यांचा तो पहिला शब्द होता. नितेशनं गोणपाटाखालून माझं बोट दाबलं आणि मी ते सोडवून घेतलं नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडतात. हळदकुंकू, झेंडूची फुलं, आणि त्या दिवशी त्यांना कामाला कुणी हात लावायचा नाही. दसऱ्याला सोनं वाटून आलं की मगच. यंदा पाट भरून मांडायचा, असं मी मनाशी धरलं होतं. बाबांनी ती मांडणी बघितली तर कदाचित त्यांना वाटेल... काहीतरी वाटेल. एवढीच माझी आशा होती.

कोरण्यांचा गंज खोल होता. नितेश म्हणाला, “एवढ्या मी रोह्याला नेतो. तिथं साधनं आहेत. नवमीला सकाळी आणतो.” घराबाहेर काही जाणार नाही म्हणणारी मी, मीच फडक्यात बांधून त्याच्या हातात दिल्या.

नवमीला तो नवा शर्ट घालून आला. मी पाट मांडून बसले होते, शेजारी बाबा. आत्यानं आग्रह करून त्यांना खाली आणलं होतं. नितेशनं फडकं सोडलं. कोरण्या चांदीसारख्या लखलखत होत्या. मी एकेक ओळीनं ठेवत गेले आणि बाबांची आवडती कोरणी हातात आल्यावर माझा हात थांबला.

तिची धार सरळ होती.

ती कोरणी वर्षानुवर्षं शाडूत फिरून एका बाजूला तिरकी झिजलेली होती. त्या तिरकेपणानं बाबा गणपतीची पापणी कोरायचे. त्यामुळे आमच्या मूर्तीचे डोळे किंचित मिटल्यासारखे दिसायचे, आत्ताच नैवेद्य खाऊन सुस्तावल्यासारखे. मुंबईचे व्यापारी लांबून ओळखायचे, ही कमळाकरची, म्हणजे बाबांची, मूर्ती. माझा कुंचला लहानपणापासून त्याच रेषेवरून फिरला होता. आणि ती रेष नितेशनं ग्राइंडरवर घालवली होती.

“हे काय केलंस?” मी कोरणी त्याच्यासमोर धरली.

“एका बाजूनं पार खाल्ली गेली होती,” तो आनंदानं म्हणाला, “म्हटलं, सरळ करून...” माझा चेहरा बघून त्याचं वाक्य तुटलं.

“खाल्ली गेली नव्हती. बाबांनी ती तशी झिजवली होती. आयुष्य गेलं त्यांचं त्यात.”

“मृणाली, मला... मला माहीत नव्हतं.”

“विचारायचं होतं. तोंड होतं ना? एक तेवढी गोष्ट त्यांची शिल्लक होती.”

आत्या “अगो, सणासुदीचं” म्हणत मधे आली. बाबांनी त्या चकचकीत धारेकडे बघितलं, डाव्या हातानं पाटाला नमस्कार केला आणि डोळे मिटून बसले. मला वाटलं, संपलं. महिनाभर मी जे हळूहळू जमवत आणलं होतं, ते एका दिवसात गेलं.

“तुम्ही आता येऊ नका,” मी नितेशला म्हणाले.

‘तुम्ही’ ऐकल्यावर त्यानं वर बघितलं. मग चपला घातल्या आणि प्रसाद न घेता निघून गेला. भाताच्या बांधावरून त्याचा नवा शर्ट लांबपर्यंत दिसत होता. मी बघत नव्हते, पण दिसत होता.

दसऱ्याचा दिवस मी कसाबसा ढकलला. संध्याकाळी गावात सोनं वाटून परत आले तर ओटीवरची खुर्ची रिकामी. कारखान्यात दिवा लागलेला. मी धावत आत गेले.

बाबा फळीसमोर स्टुलावर बसले होते. फळीवर शाडूचा गोळा, अगदी नारळाएवढा. आणि डाव्या हातात ती कोरणी. घामानं सदरा भिजला होता.

“बाबा?”

“थांब जरा.” त्यांनी जीभ दातात धरून एक रेष ओढली. हात थरथरला, रेष वर गेली, खाली आली, थांबली. मग त्यांनी कोरणी बाजूला ठेवली. “बघ.”

गोळ्यावर एक डोळा होता. एकच. वाकडा.

“वाकडा झालाय,” मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं.

“व्हय. पन झालाय.” बाबा हसले. तोंड एका बाजूनंच हसतं त्यांचं आता. “रडतंस कशाला? ऐक. मी मागंच डाव्या हातानी करून बघितलं होतं, तू पेणला गेलतीस तवा. नाय जमला. कोरणी झिजलेली उजव्या हातानी. डाव्यात धरली का उलटीच पडायची, माती फाडायची. लय राग आला. म्हनलं, माजीच हत्यारं माजं ऐकत नायत, जाऊ देत भंगारात.”

“मला का नाही सांगितलंत?”

“तुला काय सांगू? तू आधीच रोज माज्याकडं बघून तोंड पाडून बसायचीस.” त्यांनी कोरणी उचलून उजेडात धरली. “त्या पोरानी सरळ केली. हिला अजून कोनचा हात ठाऊक नाय. शिकंल आता डाव्याचं.”

मी त्यांच्या गुडघ्याला टेकून खाली बसले.

“पन मूठ बारीक पडते,” बाबा म्हणाले. “डाव्या हाताला पकड नाय ना. त्याला सांग, मूठ जाड करून दे.”

“तुम्हीच सांगा.”

“माज्याकडं कुठं नंबर हाय त्याचा?”

मी मोबाईल हातात घेतला. ‘बाबा म्हणतात’ एवढं लिहिलं, पुसलं. ‘माझं चुकलं’ लिहिलं, तेही पुसलं. ज्या माणसाला दारातून घालवलं, त्याला मोबाईलवर बोलावणं मला पटेना. सकाळी मी कोरणी फडक्यात गुंडाळली, पेण गाठलं आणि रोह्याची गाडी पकडली.

त्याचं घर कुंडलिकेच्या काठाजवळ, मागच्या बाजूला पत्र्याची शेड. शेडीत तो पाठमोरा बसला होता, समोर घमेल्यात ओली माती. हातानं काहीतरी घासत होता. पुढं-मागं, पुढं-मागं.

“नितेश.”

तो उठला. हात कोपरापर्यंत चिखलात.

“बाबांचा निरोप आहे,” मी म्हणाले. पाठ करून आलेलं सगळं विसरले होते. “मूठ... मूठ जाड करून हवीय.”

“झालीय.” त्यानं फळीवरून एक मूठ उचलून दिली. शिसवी, गुळगुळीत, डाव्या हाताच्या बोटांना बसेल अशी.

“तुला कसं कळलं?”

“तुझ्या बाबांचा फोन आला होता सकाळी. हिरामणशेठकडून नंबर घेतला म्हणाले. सगळं सांगितलं त्यांनी. आणि म्हणाले, मृणाली येतेय, ती काही खाऊन निघालेली नाय, तिला आधी खायला घाल.”

मला हसावं की रडावं कळेना. मोबाईलवरचे चार शब्द जुळवताना मी रात्र घालवली, आणि बाबांनी परस्पर फोन करून टाकला होता.

“माझं चुकलं,” मी म्हणाले. “तुला तसं बोलायला नको होतं.”

“बोललीस ते खरं होतं. मी विचारायला हवं होतं.” त्यानं घमेल्यातून एक कोरणी काढून माझ्या तळहातावर ठेवली. नवीन, बाबांच्या मापाची. “बाबांचं भागलं. पण तुझी पापणीची रेष गेली ना? ती आणायचा प्रयत्न करतोय. कालपासून घासतोय.”

मी धारेवरून बोट फिरवलं. सरळच्या सरळ होती. “काहीच झिजली नाही रे.”

“माहितीय.”

“ग्राइंडरवर लगेच तिरकी होईल.”

“होईल. पण ती ग्राइंडरची तिरकी होईल. मातीनं झिजलेली वेगळी असते, आता कळलंय मला.”

“बाबांना तीस वर्षं लागली,” मी म्हणाले.

“मग लागू देत तीस.” तो माझ्याकडे बघत होता आणि या वेळी लाल झाला नाही. “मला दुसरं कुठं जायचं नाही.”

आतून त्याच्या आईनं भांडी वाजवली. नदीवरून वारा आला. हातातली मूठ मी उगाच या हातातून त्या हातात केली.

“मृणाली, एक विचारू? निरोप तर बाबांनी दिलाच होता,” तो म्हणाला. “मग तू कशाला आलीस?”

माझ्याकडे एकही बहाणा शिल्लक नव्हता. बाबांनी ठेवलाच नव्हता.

“तुझ्यासाठी,” मी म्हणाले. “तू मला हवा आहेस, म्हणून आले.”

त्याचे हात चिखलानं भरलेले होते, म्हणून त्यानं ते मागे धरले. मीच पुढे झाले आणि ते धरले.